महानंदाची गांडुळं आणि माझी विळी

३ जुलै, गुरुवार.

महानंदा माहेरी गेली. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन सोलापुरात, मग त्यांना आळंदला घरी नेणार आणि पंचमी करूनच परत. म्हणजे जवळजवळ महिनाभर घर माझ्या ताब्यात. परसातले गांडूळ खताचे आठ बेडही माझ्याच ताब्यात.

जाताना सूचना देऊन गेली. रोज पाणी शिंपडायचं, गोणपाट झाकायचं, बाकी काही करायचं नाही. हे 'बाकी काही करू नका' ती एसटीत चढेपर्यंत म्हणत होती. चढल्यावर खिडकीतूनही म्हणाली. मी एम.एस्सी. झूलॉजी. स्पेशलायझेशन नॉन-कॉर्डेट्स, म्हणजे पाठीला कणा नसलेले एकूण एक प्राणी. एकोणीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात शिकवतोय. आणि मला गांडूळ सांभाळायला कोण शिकवणार, तर बचत गटाचं ट्रेनिंग करून आलेली बाई! हसलो आणि हात हलवला.

मामला तसा गंभीर आहे. चार ऑगस्टला भूमच्या एका नर्सरीची गाडी येणार आहे. त्यांना जिवंत गांडुळं पाहिजेत. माल पसंत पडला तर गटातल्या सगळ्या बायकांना वर्षभराचं काम. महानंदाने एका टोपल्यातल्या गांडुळांपासून हे सगळं उभं केलं. हल्ली ती झोपेतही त्यांच्याबद्दलच बोलते. माझ्याबद्दल बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

संकल्प: पहाटे उठणे. लिंगपूजा न चुकवणे. चहा बंद. राग बंद. (मला राग येत नाही, पण महानंदाचं तसं म्हणणं आहे. टीव्हीचा रिमोट मी फेकला नव्हता, तो हातातून वेगाने निघाला.) शिवाय ग्रंथलेखन. नाव ठरलं आहे: 'अपृष्ठवंशीयांचे अंतरंग'. पहिलं प्रकरण पंचमीच्या आत.

४ जुलै, शुक्रवार.

उठायला आठ वाजले. चहा सोमवारपासून बंद.

७ जुलै, सोमवार.

काल दिवसभर भुरभुर होती. सकाळी तिसऱ्या बेडवरचं गोणपाट उचललं आणि जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो.

एक लांबलचक, चपटा, चिकट प्राणी. रंग पिवळट तपकिरी, पाठीवरून काळी रेघ, डोकं फावड्यासारखं पसरट. तो एका गांडुळाला वेटोळं घालून बसला होता. गांडूळ तडफडत होतं, आपटत होतं, अर्धं मातीत घुसत होतं, आणि हा हरामखोर त्याला मागे ओढत होता. मग त्याच्या पोटाच्या मधोमध एक पांढरा पदर बाहेर आला. तोंडातून नव्हे, पोटातून! तो गांडुळावर पसरला, आणि गांडूळ जिवंतपणी विरघळायला लागलं. मी अर्धा तास उकिडवा बसून पाहत राहिलो. शेवटी नुसतं कातडं उरलं, मग तेही नाही.

ओळख तात्काळ पटली. जळू. दुसरं काय असणार? अनुभवी माणसाला पुस्तक उघडावं लागत नाही.

आमचं घर मुंगीला वाट देणारं. अंड्याला शिवणारा माणूस आमच्या भावकीत नाही. पण महानंदाच्या गांडुळाचा खून माझ्या डोळ्यांदेखत होतो आणि मी गप्प बसू? स्वयंपाकघरातून विळी आणली आणि जळवेचे तीन तुकडे केले. कचाकच. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तिन्ही तुकडे बराच वेळ वळवळत होते. तडफडून मेले.

आता प्रेतांचं काय करायचं? अंगणात टाकावं तर समोर तुळस. म्हणून तुकडे त्याच बेडमध्ये नीट कालवून टाकले. प्रोटीन आहे, खतच होईल. यालाच इकॉलॉजी म्हणतात.

९ जुलै, बुधवार.

एस.वाय.ला प्लॅनेरिया शिकवला. फळ्यावर अशी सुंदर आकृती काढली की पुसवेना. प्लॅनेरियाचे तीन तुकडे केले तर डोक्याकडच्या तुकड्याला शेपूट फुटतं, शेपटाकडच्याला डोकं फुटतं, मधल्याला दोन्ही. एकाचे तीन जीव. पाच मार्कांचा गॅरंटीड प्रश्न आहे, दोनदा अंडरलाइन करायला लावलं. आरोही नावाची एक मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते. तिने विचारलं, सर, हा आपल्या माकणी गावात बघायला भेटंल का? मी म्हणालो, प्लॅनेरिया पान नंबर चौऱ्याऐंशीवर आहे, तिथंच बघायचा. वर्ग हसला. ही मुलगी फार पुढे जाईल असं वाटत नाही. नको तिथं डोकं घालते.

घरी आलो तर तिसऱ्या बेडमध्ये आणखी जळवा. बहुतेक सूड घ्यायला आल्या असाव्यात. यावेळी प्रत्येकीचे चार तुकडे. विळीला धार लावून घेतली पाहिजे.

१२ जुलै, शनिवार.

विळीला धार लावली. बोटालाही लागली. तीन टाके.

जळवा वाढताहेत. पण त्यांचं धैर्य खचलं आहे हे स्पष्ट दिसतं. काहींना तर डोकीच नाहीत! नुसती धडं सरपटताहेत. माझी दहशत बसली आहे. डोकं नसलेल्या शत्रूला काय भ्यायचं? त्यांना कांद्यासारखं बारीक चिरलं. चिरताना मनात प्राचार्यांचा चेहरा येत होता. का ते कळलं नाही.

एकाच बेडला सगळं प्रोटीन देणं योग्य नाही, म्हणून आजचे तुकडे आठही बेडमध्ये सारखे वाटले. मी कुणावर अन्याय करत नाही.

महानंदाचा फोन. गांडुळं कशी आहेत? मी म्हणालो, मजेत. सासूबाईही बऱ्या आहेत असं ती म्हणाली, पण ते नंतर. युद्धाबद्दल बोललो नाही. तिकडे दवाखान्यात तिच्या जिवाला घोर कशाला? जिंकल्यावर एकदमच सांगेन.

ग्रंथ: शीर्षक सुवाच्य अक्षरात लिहून काढलं.

१५ जुलै, मंगळवार.

आता सगळ्या बेडमध्ये. जिथं गोणपाट उचलावं तिथं. सकाळी कापा, संध्याकाळी कापा, हात भरून येतो. विळीच्या पात्याला चिकट थर बसतो तो राखेने घासावा लागतो. त्याच विळीवर वांगी चिरली. वांगी कडू लागली.

इतक्या जळवा येतात कुठून? विचार केला आणि उत्तर सापडलं. शेजारचा बजरंग! त्याच्या म्हशी रोज धरणाच्या पाण्यात डुंबतात आणि शेण आपण त्याच्याकडूनच घेतो. कुंपणावरून स्पष्ट विचारलं. तो येऊन बघून म्हणाला, सर, ह्या जळवा न्हाईत, नागाची पिल्लं हायेत, पंचमी जवळ आली न्हवं, म्या तर हात लावत न्हाय. अडाणीपणाची हद्द आहे. नागाच्या पिल्लाला पाठीचा कणा असतो. हे त्याला वीस मिनिटं समजावून सांगितलं. तो मधूनच उठून धार काढायला गेला.

१८ जुलै, शुक्रवार.

आज अप्रिय प्रसंग.

सकाळी पाचव्या बेडमध्ये गांडुळांपेक्षा जळवाच जास्त दिसल्या. त्याच वेळी बजरंगने शेणाची पाटी आणून कुंपणापाशी ठेवली आणि हसून विचारलं, सर, पिल्लं किती झाली? मी फावडं उचललं. मारायचा इरादा नव्हता, फक्त मुद्दा स्पष्ट करायचा होता. फावडं कुंपणापलीकडच्या त्याच्या मोटरसायकलच्या हेडलाइटवर बसलं. हेडलाइट फुटला. मुद्दा त्याला पटला नसावा, कारण त्याने कुंपणावरून उडी मारून माझी कॉलर धरली आणि दोन ठेवून दिल्या. डावीकडे. दाढ हलते आहे. मी जमिनीवर पडल्यावर त्याने पाठीत गुडघाही घातला आणि म्हणाला, मास्तर म्हनून सोडतो, न्हायतर हितंच गाडलं असतं.

मी प्रतिकार केला नाही. संयम. (हात त्याने धरून ठेवले होते.)

राग बंदचा संकल्प पुढे चालू.

२० जुलै, रविवार.

रात्रभर दाढ ठणकली, त्यामुळे विचार करायला वेळ मिळाला. मार्ग सापडला! बायोलॉजिकल कंट्रोल. शत्रूला त्याच्या नैसर्गिक शत्रूच्या हवाली करायचं. गल्लीच्या टोकाच्या कडूबाईंकडून पाच गावरान कोंबड्या दिवसभरासाठी मागून आणल्या. लिंगायताच्या घरात कोंबडी शिरताना भावकीतल्या कुणी पाहू नये म्हणून पोत्यात घालून आणल्या. पोतं सगळ्या गल्लीभर ओरडत आलं.

सोडल्या. पहिल्या कोंबडीने जळू उचलली, चोच झटकली, जळू थुंकली, चोच गोणपाटाला पुसली आणि शेजारचं गांडूळ गिळलं. दुसरीने पाहिलं आणि जळवेच्या वाटेलाच गेली नाही, सरळ गांडुळं. मग पाचही जणी दोन्ही पायांनी बेड उकरायला लागल्या आणि माझी गांडुळं, म्हणजे महानंदाची गांडुळं, शेवयांसारखी ओढून ओढून खायला लागल्या. मी ओरडलो. काठी घेतली. त्या माझ्या अंगावरून, डोक्यावरून, सपराच्या पत्र्यावर, परत बेडमध्ये. एकीने कपाळ फोडलं. एकीला मी फेकलेली काठी लागून पाय मोडला. कोंबड्यांना मुळीच ट्रेनिंग नाही.

संध्याकाळी कडूबाई आल्या. काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं इतकंच, की पाय बरा होईस्तवर कोंबडी मास्तरानंच सांभाळायची, माज्या दारात लंगडी कोंबडी नगं. पायाला काडी बांधली आहे. कोंबडी स्वयंपाकघरात आहे. माझ्याकडे टक लावून बघते.

२३ जुलै, बुधवार.

विजय!

मीठ! इतके दिवस कसं सुचलं नाही? जळवेवर मूठभर मीठ टाकलं की ती आधी पिळवटते, मग फेसाळते, मग विरघळते. अहाहा. जी गत तिने गांडुळाची केली तीच तिची. मी प्रत्येकीजवळ थांबून शेवटपर्यंत पाहिलं. कोंबडीलाही दाखवलं. दुकानातून जाडं मीठ आणलं, पिशव्याच पिशव्या. दुकानदाराने विचारलं लोणचं घालताय का? म्हणालो, हो.

आठही बेडवर सढळ हाताने पेरलं. गांडुळं थोडी अस्वस्थ दिसली. काही वर आली आणि पांढरी पडली. युद्धात थोडंफार असं व्हायचंच. बाकीची खोल जाऊन विश्रांती घेत असणार.

२५ जुलै, शुक्रवार.

श्रावण लागला. व्रत घेतलं: महिनाभर कुठल्याही जिवाला इजा करायची नाही. बेडचं क्षेत्र वगळून.

कॉलेजात युनिट टेस्ट घेतली. प्लॅनेरियाचा प्रश्न टाकला. प्राचार्यांनी कपाळ, गाल आणि बोट पाहून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? म्हणालो, रिसर्च चालू आहे. ते लांब सरकून बसले.

२६ जुलै, शनिवार.

मिठातून वाचलेल्या जळवा पुन्हा दिसू लागल्या. काही इवल्याशा आहेत. नवी भरती. परत विळी.

दुपारी धुरपदाबाई आल्या. बचत गटाच्या अध्यक्षा, बोलणं तोंडावर. म्हणाल्या, मास्तर, आमच्या बेडाला जोम न्हाय, महानंदाचं मुरलेलं खत दोन-दोन पाट्या द्या, चार तारखेला समद्यांचाच माल दावायचाय. मला भरून आलं. नवऱ्याने बायकोच्या कामात अशी साथ द्यावी! दोन कशाला, पाच-पाच पाट्या दिल्या. गटातल्या प्रत्येकीच्या घरी माझ्या हाताने पोचवल्या. सकाळचंच ताजं चिरलेलं प्रोटीनही त्यात कालवलं होतं. धुरपदाबाई म्हणाल्या, महानंदीचं नशीब, असा नवरा मिळाला. हे वाक्य तिला कळवायला हवं.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी.

आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन उकरायची नाही. जमिनीतल्या जिवाला धक्का लागू नये म्हणून वाडवडिलांनी घालून दिलेली रीत. मी काटेकोर पाळतो. विळी धुऊन, कुंकू लावून फळीवर ठेवली.

पण शत्रू सण पाळत नाही. सकाळी पाहिलं तर बेडच्या कडांवरून बाहेर लोंबत होत्या. आता काय करायचं? उकळत्या पाण्याबद्दल वाडवडील काहीच बोललेले नाहीत. आंघोळीचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं, आणि एकेक पातेलं एकेका बेडवर. वाफेचा लोट. मातीतून एक आवाज आला, चर्रर्र असा, त्यानंतर गांडुळं झुंडीने वर आली. बरीच आली. वर येऊन वेटोळी झाली आणि मग हलली नाहीत. त्यांच्याकडे फार वेळ बघवलं नाही. सातव्या बेडला पाय घसरला आणि उरलेलं पातेलं माझ्या उजव्या पायावर पडलं.

ओरडलो म्हणे. बजरंग कुंपणावरून उडी मारून आला, मला वाटलं परत मारतो. त्याने मला उचलून फुटक्या हेडलाइटच्या मोटरसायकलवर मागे बसवलं आणि दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाला, सर, तुमी आता बास करा. कशाबद्दल म्हणाला ते कळलं नाही. डॉक्टरांनी पट्टी बांधली. घोट्यापासून बोटांपर्यंत कातडी गेली आहे.

बजरंगच्या घरून पुरणाचे दिंड आले. कोंबडीने आणि मी खाल्ले.

३१ जुलै, गुरुवार.

महानंदा आली. सोबत सासरे, महालिंगप्पा. ते बरोबर लाडवांचा डबा घेऊन आले होते. दारातच त्यांनी माझं कपाळ, बोट, गाल, पाय आणि माझ्यामागे लंगडत आलेली कोंबडी असं क्रमाने पाहिलं आणि म्हणाले, अय्यो शिवा! जावईबापू, ह्ये काय झालं? मी म्हणालो, किरकोळ. आधी चहा घ्या.

महानंदा चहाला थांबली नाही. पिशवी खाली न ठेवता परसात गेली. पहिल्या बेडचं गोणपाट उचललं आणि मनगटापर्यंत हात घातला. हात बाहेर काढून वास घेतला, जिभेला लावून पाहिला. दुसरा बेड. तिसरा. मी मागून लंगडत सांगत होतो की कसा हल्ला झाला, मी एकटा कसा लढलो, मीठ, विळी, आधण. ती ऐकत असावी. आठव्या बेडमध्ये खूप खाली तिला एक गांडूळ सापडलं. बारीक, पांढुरकं, जिवंत. त्याला एक जळू गुंडाळलेली होती. महानंदाने नखाने ती सोडवली, गांडूळ तळहातावर घेतलं, आणि रडली.

आईला ऑपरेशनला आत नेताना ती रडली नव्हती, असं सासरे मागाहून म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला अशी रडताना पाहिलेली नाही. मी म्हणालो, एक तरी वाचवलं ना मी.

१ ऑगस्ट, शुक्रवार.

महानंदाने सकाळी जळवेचा फोटो काढून तिला ट्रेनिंग देणाऱ्या मॅडमना पाठवला. मी म्हणालो, घरात एम.एस्सी. असताना बाहेर कशाला विचारतेस? दुपारी उत्तर आलं. तिने मोठ्याने वाचून दाखवलं. ही जळू नाही, जमिनीवर राहणारा प्लॅनेरिया आहे, गांडुळं खातो. अख्खा उचलून साबणाच्या पाण्यात टाका. कापू मात्र नका.

मी हसलो. चांगला खो खो हसलो. प्लॅनेरिया! मला! एकोणीस वर्षं! प्लॅनेरिया पाण्यात असतो आणि पान चौऱ्याऐंशीवर असतो. या ट्रेनिंगवाल्यांना बेसिक माहीत नसतं, म्हणालो, थांबा, तुम्हाला दाखवतो प्लॅनेरिया म्हणजे काय. खिशात खडू होता. सपराच्या भिंतीवर आकृती काढली. महानंदा आणि सासरे बाजेवर बसले होते. पसरट डोकं काढलं. चपटं अंग काढलं. पोटाच्या मधोमध तोंड आणि त्यातून बाहेर येणारी सोंड काढली. नावं दिली. मग सवयीने पुढचं सुरू झालं. याचे तीन तुकडे केले तर डोक्याकडच्या तुकड्याला शेपूट फुटतं. शेपटाकडच्याला डोकं फुटतं. आणि मधल्या तुकड्याला

इथं मी थांबलो.

सासरे मन लावून ऐकत होते. ते म्हणाले, मधल्याला काय फुटतंय, जावईबापू?

पाणी प्यायला आत गेलो. पाणी बराच वेळ पीत होतो.

बाहेर आलो तेव्हा महानंदा भिंतीपाशी उभी होती. तिने शांतपणे विचारलं, रोज कापत हुता? म्हणालो, हो. तुकडे कुठं टाकत हुता? सांगितलं. ती म्हणाली, आन् धुरपदाआक्कांच्या पाट्या? तेही सांगितलं. ती खाली बसली.

चूक पुस्तकाची आहे. आकृती मातीत काढायला हवी होती.

४ ऑगस्ट, सोमवार.

नर्सरीची गाडी आली. महानंदाने स्वतः बाहेर जाऊन सांगितलं की माल नाही. बहाणा केला नाही, माझं नावही घेतलं नाही. तो माणूस भला होता, दुसरीकडे बघतो म्हणाला. गाडी रिकामी वळवायला बोळात जागा नव्हती, खूप वेळ मागेपुढे करत होता. मी खिडकीच्या आड उभा होतो. गाडी लवकर जावी असं मला वाटत होतं.

मग बायका आल्या. पाच घरांत पिवळट, काळ्या रेघेचं, फावड्याच्या डोक्याचं निघालं आहे. मी पुढे होऊन धुरपदाबाईंना समजावू लागलो की विज्ञानात प्रयोग फसतात. त्यांनी रिकामी पाटी भिरकावली. नेम चांगला आहे. दाढ पडली. बरंच झालं, नाहीतरी काढायचीच होती.

सगळ्या बेडची माती खळ्यावर उन्हात पसरली आहे. मी मदत करू का विचारलं. महानंदाने विळी पेटीत टाकून कुलूप लावलं. आता भाजी चिरायला बजरंगच्या घरी जाते.

७ ऑगस्ट, गुरुवार.

युनिट टेस्टचे पेपर तपासले. आरोहीने प्लॅनेरिया उत्तम लिहिला आहे. खाली स्वतःच्या मनाने एक ओळ जादा: म्हणून शेतात हा दिसल्यास कापू नये. पाचपैकी साडेचार दिले. सिलॅबसच्या बाहेर जाऊ नये.

१७ ऑगस्ट, रविवार.

महानंदाने पुन्हा सुरुवात केली आहे, असा माझा अंदाज आहे. संध्याकाळी परत येते तेव्हा तिच्या नखांत शेण असतं. काल चेहरा बरा दिसला, एकटीच काहीतरी गुणगुणत होती. तिने कुठून तरी ओंजळभर गांडुळं मिळवली असणार, आणि कुठंतरी एक बेड असणार. आपल्या परसात नाही. मी सगळीकडे पाहिलं.

तिला विचारलं, कुठं केलं आहेस? मला फक्त बघायचं आहे, हात लावणार नाही. ती म्हणाली, ताट वाढलंय, बसा.

काल कॉलेजातून येताना लांबून तिच्या मागे गेलो. पाय अजून दुखतो, त्यामुळे अंतर पडलं. देवळाच्या वळणावर धुरपदाबाई काठी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, मास्तर, हितनं पुढं यायचं न्हाय. मी म्हणालो, सार्वजनिक रस्ता आहे. त्यांनी काठी उचलली. परत फिरलो.

आज सकाळी बजरंगला गाठलं. हेडलाइट नवा बसवून दिला आहे, आता आमचं बरं आहे. म्हणालो, तू तरी सांग, मी तिचा नवरा आहे. तो म्हणाला, सर, माज्या तोंडातनं न्हाय निघायचं. वैनींनी देवळात नेऊन शपतंसाठी बेलभंडार उचलायला लावलाय, मास्तरला जागा सांगनार न्हाय म्हनून.

मी विचारलं, कुणाकुणाला लावला?

तो म्हणाला, तुमी सोडून समद्या गावाला.